शंका विचारायची तरी कोणाला?

"नोकरी करत बाहेरून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करतोय. पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत, पण अडलं की विचारायला कोणी नाही. क्लास लावू का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. तो ऐकला की मला 2016 साली आलेले वाळूज एमआयडीसीतले एक मेंटेनन्स सुपरवायझर आठवतात.

डिप्लोमा करून ते नोकरीला लागले होते. वय छत्तीस, दोन मुलं, शिफ्टची ड्युटी. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई, म्हणजे कॉलेजात न जाता देता येणारी इंजिनिअरिंगची परीक्षा, करत होते आणि इलेक्ट्रिकल मशिन्सचा पेपर तीनदा राहिला होता. एका खासगी क्लासला पोस्टाने नोट्स पाठवण्याचे पैसे भरून झाले होते. नोट्सचा गठ्ठा आला, पण शंकेचं उत्तर कधीच आलं नाही. "मॅडम, आता डोकंच चालत नाही. वय झालं बहुतेक."

मी आधी नोंदणीची तारीख विचारली. 31 मे 2013 पर्यंत नोंदणी झालेल्यांचीच एएमआयई सरकारी नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीची मानली जाते. त्यांची 2011 ची होती, म्हणजे तो घोर नव्हता. मग म्हटलं, वही दाखवा.

स्टार-डेल्टा स्टार्टरचं गणित होतं. हा स्टार्टर मोटरची वाइंडिंग्ज (तारांची वेटोळी) सुरुवातीला 'स्टार' आणि मग 'डेल्टा' पद्धतीने जोडतो. थेट डेल्टात सुरू करण्यापेक्षा स्टारमध्ये सुरू केल्यावर मोटर लाइनमधून किती कमी करंट घेते? त्यांचं उत्तर येत होतं वर्गमूळ तीन पट कमी, पुस्तकात मात्र तीन पट. मी काही इंजिनिअर नाही. पण असा स्टार्टर त्यांनी स्वतः कितीदा जोडलाय असं विचारल्यावर चेहरा उजळला. कॉन्टॅक्टर कसे बदलतात, टायमर किती सेकंदांचा ठेवतात, सगळं हातवारे करून सांगितलं. डोकं उत्तम चालत होतं. एक पायरी कुठेतरी निसटत होती आणि ती बघायला शेजारी कोणी नव्हतं, इतकंच.

क्लास नको, असं मी स्पष्ट सांगितलं. शंभर पानं शिकवणारा माणूस त्यांना नको होता, त्यांची एक ओळ तपासणारा हवा होता. गावातल्या पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले एक सर त्यांच्या जुन्या ओळखीचे निघाले. "सरांना त्रास कशाला?" हा संकोच मोडायलाच आमच्या दोन बैठका गेल्या. शिकलेल्या मोठ्या माणसाला 'मला हे येत नाही' म्हणणं फार जड जातं. शेवटी ठरलं की फोन करून 'मशिन्स समजत नाही' म्हणायचं नाही. गणित आपल्या हाताने सोडवायचं, अडलेल्या ओळीला लाल खूण करायची, पानाचा फोटो पाठवायचा.

सरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. स्टारमध्ये वाइंडिंगला 415 ऐवजी साधारण 240 व्होल्ट मिळतात, तिथे एक वर्गमूळ तीन. डेल्टात लाइन करंट हा फेज करंटच्या, म्हणजे एका वाइंडिंगमधल्या करंटच्या, वर्गमूळ तीन पट असतो, तिथे दुसरं. दोन्हींचा गुणाकार तीन. दुसरं वर्गमूळ तीन त्यांनी धरलंच नव्हतं.

बाकीचं मग सोपं होतं. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं फुकट आहेत, ती रात्रपाळीच्या आधी ऐकायची. नुसतं ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, म्हणून लगेच जुन्या पेपरातला एक प्रश्न सोडवायचा. परीक्षा केंद्रावर भेटलेल्या दोघांबरोबर रविवारी बसायचं.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे: मदत शोधण्याआधी मान्यता बघा. तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद, एआयसीटीई, दूरशिक्षणाने घेतलेली इंजिनिअरिंगची पदवी मान्य करत नाही. नोकरदारांसाठी काही मान्यताप्राप्त कॉलेजांत सोयीच्या वेळेच्या वेगळ्या तुकड्या आहेत, आधी जवळच्या अशा कॉलेजात चौकशी करा.

डिसेंबरमध्ये त्यांचा मशिन्सचा पेपर सुटला. नंतर भेटायला आले तेव्हा वहीत कंट्रोल सिस्टिमच्या पानांवर चार नव्या लाल खुणा होत्या, आणि रविवारच्या त्या दोघांनाही ते सरांकडे घेऊन गेले होते.