वाचक विचारतात : निळ्या फुलाचं काय?

प्रश्न : जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेतल्या जॉन स्नोचे खरे आईबाप म्हणजे लियाना स्टार्क आणि टारगेरियन घराण्याचा राजपुत्र रेगार, हे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेने सांगून टाकलं. तरी चाहते पुस्तकांचा कीस का पाडतात?

उत्तर : कारण पुस्तकांत ते अजून उघड झालेलंच नाही! पाचवा खंड 2011 साली आला, तेव्हापासून आपण ताटकळतोय. आणि खरं सांगू, मला उत्तरापेक्षा माग काढण्यातच गोडी. निळे गुलाबच घ्या. हॅरेनहॉल किल्ल्यावरच्या स्पर्धेत रेगार सख्ख्या बायकोला डावलून त्यांचा मुकुट लियानाच्या मांडीवर ठेवतो. तिच्या मरणाच्या आठवणीत नेडला, म्हणजे जॉनला आपला मुलगा म्हणून वाढवणाऱ्या तिच्या भावाला, दिसतात तिच्या मुठीतून गळणाऱ्या पाकळ्या, सुकून काळ्या पडलेल्या. दुसऱ्या खंडात रेगारची बहीण डेनेरिस हिला भास होतो : बर्फाच्या भिंतीतून एक निळं फूल उगवलंय. आता त्या भिंतीवर पहारा देणाऱ्यांत कोण आहे, सांगा बरं! जॉनच! मालिकेने हा भास गाळला, याचा मला अजून राग आहे.

बाकी टायविन लॅनिस्टरचा मुलगा टिरियनही खरा टारगेरियनच, वगैरे तर्क मी वाचतो. पण टिरियनचं बाप टायविनशी असलेलं वैर या तर्काने पार फुसकं होतं.