अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी लाईट (रेडिएशन) सुरू असताना घास जास्तच अडकू लागला तर?

"मॅडम, आप्पा आधी मऊ भात तरी गिळायचे. तेरा लाईट झाल्या अन् आता पाणीपण अडकतंय. बंद करू का?"

विचारणारा सोलापुरातल्या एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा. आप्पांचं वय साठीच्या आसपास, बिडी जुनी, अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस प्रकारची, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींतून उगवलेली कॅन्सरची गाठ. छातीचं मोठं ऑपरेशन त्यांच्या फुफ्फुसांना झेपणारं नव्हतं, म्हणून केमोसोबत रेडिएशन हाच मुख्य उपचार ठरला: आठवड्याला पाच दिवस, 28 लाईट, एकूण 50.4 ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक). (पुढे ऑपरेशन करायचं असेल तर बऱ्याचदा आधी 23 लाईटमध्ये 41.4 ग्रे देतात. शेजारच्या रुग्णाच्या लाईट मोजून आपला उपचार कमी-जास्त ठरवू नये.)

गाठ वाढतेय, अशी मुलाची समजूत. पण साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गाठीभोवतीचं निरोगी अस्तरही सोलवटतं, सुजतं. गाठ आकसायला वेळ लागतो, सूज मात्र आधी येते. शेवटच्या लाईटनंतर दोन-चार आठवड्यांत ती बहुतेकांची ओसरते. मध्येच खंड पडला तर उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वाढू लागतात, नंतर लाईट वाढवून ते नुकसान पूर्ण भरून निघत नाही. म्हणून थांबवायचं की नाही, हे फक्त रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगावं.

खरी अडचण पोटाची होती. आप्पांचं वजन 48 किलोवर आलेलं. वजन फार उतरलं की शरीराचा आकार बदलतो, आखलेला नेम चुकू शकतो आणि नेम आखण्यासाठीचा सीटी स्कॅन पुन्हा करावा लागतो. त्यातच कुणीतरी "उष्णता पडली" म्हणून लिंबू सरबत सुरू करून दिलं होतं; त्या आंबटानं घसा आणखी जळत होता. कडक भाकरी, शेंगाचटणी हे तर सध्या बंदच.

डॉक्टरांनी आधी तोंड तपासलं. पांढरे चट्टे असतील तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं. मग जेवणाआधी घ्यायचं बधिर करणारं जेल आणि वेदनाशामक दिलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा नाकातून नळी घातली. नळी म्हटली की घरचे हादरतात, शेवट आला असं समजतात. उपचार पुरा व्हावा म्हणून ती असते.

दिवसाला साधारण 1,450 कॅलरी आणि 60 ग्रॅमच्या वर प्रथिनं, असं आहारतज्ज्ञांनी ठरवलं. दूध, नाचणीसत्त्व, डाळीचं पाणी, प्रथिनांची पावडर. सगळं गाळून, कोमट, दर दोन तासांनी 200 मिली, दिवसातून सात वेळा. देताना आणि नंतर तासभर पाठ उंच. प्रत्येक वेळी शेवटी 30 मिली स्वच्छ पाणी, नाहीतर नळी तुंबते. निघाली तर घरी ढकलायची नाही.

पाणी पिताना ठसका लागून खोकला येणं, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, रक्ताची उलटी, काळी शी किंवा लाळही न गिळता येणं: यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. ठसका विशेष, कारण अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडलं असू शकतं. बिडी पूर्ण बंद. नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही, मशीनच्या किरणांचा अंश शरीरात उरत नाही.

काही महिन्यांनी पुन्हा घास अडकला, तर गाठ परतली असं लगेच धरू नका, पण टाळूही नका. व्रण भरताना अन्ननलिका आवळते. दुर्बिणीनं तपासून ती फुग्यानं रुंद करता येते.