दर किलोमीटरमागे देणगी घ्यावी का?

प्रश्न : मी 44 वर्षांची. कोथरूडच्या तलावात रोज सकाळी दोन किलोमीटर पोहते. ओळखीच्या एका विशेष मुलांच्या शाळेला बस घ्यायची आहे. त्यासाठी घारापुरी ते गेट वे पोहून निधी जमवावा, असं मनात आहे. सोसायटीतले लोक किलोमीटरमागे शंभर रुपये द्यायला तयार आहेत. जमेल का?

उत्तर : पोहणं जमेल, वर्षभर नेटाने सराव केलात तर. किलोमीटरचा हिशेब मात्र आजच मोडा. अंतर साधारण 14 किलोमीटर. नवव्याला पोटऱ्यांत गोळे आले, उलट्या सुरू झाल्या, की बोटीकडे हात करायचा असतो. पण ‘अजून पाच झाले की एवढे पैसे’ हे डोक्यात असलं की हात वर जात नाही. बोटीवर बसून मी हे पाहिलंय. लोकांना सांगा, काय द्यायचं ते आधीच द्या, मी काठाला लागले नाही तरी ते शाळेचंच. पैसे थेट शाळेच्या ट्रस्टच्या खात्यात, पावतीही त्यांचीच. तुमच्या जीपेवर रुपयाही नको, आणि बोटीचं भाडं तुमच्या खिशातून. वार्षिक सभेत कुणीतरी विचारणारच, पुणं आहे हे!

आता पाणी. 25 मीटरच्या तलावात किलोमीटरला चाळीसदा भिंतीला लाथ मारून पुढचे काही मीटर फुकटात मिळतात. समुद्रात भिंत नाही, म्हणून सरावात भिंतीला न टेकता अलीकडूनच वळा. दर आठ-दहा हातांनी डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून समोर बघा. सगळं डोकं वर काढलंत तर पाय खाली जातात. बगलेत, मानेला, पोशाखाच्या पट्ट्यांखाली व्हॅसलीन थापा, खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटते. खाणंपिणं दोरीला बांधलेल्या बाटलीतून. बोटीला हात लागला की पोहणं बाद.

सरावाला खडकवासल्यात उतरू नका, कितीही जवळ असलं तरी. त्यापेक्षा डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथे आधी समुद्राची चव घेऊन या.

तारीख रविवार पाहून नव्हे, तिथी पाहून ठरवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ जबर असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ती कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा. हा झाला ढोबळ हिशेब. पाण्यात कधी उतरायचं ते नावाड्याला ठरवू दे. बंदर आणि पोलिसांच्या परवानग्यांना वेळ लागतो, ते काम आधी हाती घ्या.

यजमानांना बोटीवर घ्यायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते : नको. एक तर त्यांनाच बोट लागेल. आणि तुम्हाला बाहेर काढायचं की नाही, हे एकट्या प्रशिक्षकाने ठरवायचं, तिथे चर्चा नको.