ध्यान करायचं, लावायचं की लागायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे बघत बसते. याला 'ध्यान करते' म्हणावं की 'ध्यान लावते'? वडीलधारे म्हणतात, ध्यान करायचं नसतं, ते लागतं. मग मी करते ते काय? त्यापेक्षा सरळ 'मेडिटेशन' म्हटलेलं बरं नाही का? आणि 'ध्यानधारणा' या शब्दात धारणा मागून का येते?"

वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं मराठीच्या स्वभावाला धरून आहे. जे आपल्या हातात नसतं, त्यासाठी मराठीत 'लागणे' येतं. झोप लागते, उचकी लागते, ठसका लागतो. अंथरूण घालणं, दिवा मालवणं, कूस बदलणं एवढंच माणसाकडे. पुढचं झोपेने बघायचं. 'ध्यान लागणे' याच पंगतीत बसतं. फक्त एक बारीक फरक आहे आणि तो मला फार आवडतो. झोप 'मला' लागते, पण ध्यान 'माझं' लागतं. लक्ष, मन, डोळा हेही असेच: 'त्याचं मन लागेना', 'तिचा जरा कुठे डोळा लागला'. झोप आणि भूक येऊन आपल्याला गाठतात. मन मात्र आपलंच असतं आणि ते कशाला तरी जाऊन चिकटतं. म्हणून 'ध्यान लागलं' म्हटलं की 'कशात?' हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

या म्हणण्याला शास्त्राचाही आधार आहे. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात आधी धारणेची व्याख्या आहे: चित्त एका ठिकाणी बांधणं. लगेच पुढचं सूत्र, 'तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्'. त्या बांधलेल्या जागी जाणिवेचा प्रवाह एकसारखा वाहू लागला की ते ध्यान. वैष्णव आचार्य रामानुजांनी त्यासाठी तेलाच्या धारेचा दाखला दिला आहे. पाणी ओतलं तर थेंब तुटतात, तेलाची धार तुटत नाही. या हिशेबाने सकाळची आपली बैठक बहुतेक वेळा धारणेतच संपते. मन श्वासावर ठेवलं, ते निसटलं, परत आणलं, पुन्हा निसटलं. यात कमीपणा काही नाही; बांधण्याचं काम असंच चालतं.

मग 'ध्यान करणे' चूक का? मुळीच नाही. पण आपल्याकडे ते पूर्वापार षष्ठी विभक्तीला ('कोणाचं, कशाचं') धरून येत आलंय: देवाचं ध्यान करणे, गुरूंचं ध्यान करणे. म्हणजे ते रूप मनात उभं करणं. हे मात्र ठरवून करता येतं. स्तोत्राच्या आधी 'अथ ध्यानम्' असं लिहून पुढे देवतेचं वर्णन येतं, ते याचसाठी. रामरक्षेत 'ध्यायेदाजानुबाहुं' म्हणत आधी मूर्ती डोळ्यांसमोर आणायची, मग पुढचं म्हणायचं. तिथून ज्या रूपाचं चिंतन करायचं, त्या रूपालाच 'ध्यान' म्हणू लागले. तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' यातलं ध्यान म्हणजे समोर उभा असलेला विठ्ठल. तो ध्यानाला बसलेला नाही. आणि विस्कटलेले केस, उलटा सदरा अशा अवतारात कोणी समोर आलं की 'काय ध्यान आहे!' म्हणतो, तेही या 'रूप' अर्थाचंच उपहासातलं टोक.

आता षष्ठी गळाली आहे. 'मी ध्यान करते' एवढंच म्हणतात आणि कशाचं ते सांगत नाहीत. कारण बसण्याची कारणंही बदलली. कोणी झोप येत नाही म्हणून बसतं, कोणी चिडचिड आवरावी म्हणून, कोणी परीक्षेच्या धास्तीने, कोणाचं नुसतं चित्त थाऱ्यावर नसतं म्हणून. देव सगळ्यांच्याच मनात असतो असं नाही. पण षष्ठी वाक्यातून गेली तरी कामातून गेलेली नाही. श्वास, एखादा शब्द, शरीरातल्या संवेदना, चालताना पावलं असं काहीतरी धरायला लागतंच. (चालत करायच्या ध्यानाला संस्कृतात 'चंक्रमण' असा नेटका शब्द आहे. डोळे मिटून बसलं की ज्यांची तगमग उलट वाढते, त्यांनी तो ध्यानात ठेवावा.)

धरायचं कसं, हे पाचव्या शतकातले बौद्ध आचार्य बुद्धघोष यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात फार व्यवहारी भाषेत सांगितलंय. श्वास मोजा, पण पाचाच्या आत थांबू नका आणि दहाच्या पुढे जाऊ नका. पाचाच्या आत मोजणाऱ्याचं मन कोंडून घातल्यासारखं होतं. दहाच्या पुढे गेलं की मन श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. हे करून बघण्यासारखं आहे. एक, दोन, तीन, नाकपुडीशी गार हवा नीट जाणवते. चारला कालच्या भांडणात द्यायचं राहून गेलेलं उत्तर सुचतं, मग त्यावर समोरचा काय म्हणाला असता ते, मग आपण त्यावर काय म्हटलं असतं ते. भानावर येतो तेव्हा आकडा चौदावर असतो. म्हणजे मन भांडणात होतं आणि मोजणी आपली आपण चालू होती! दहाची वेस नसती तर हे उशिरापर्यंत कळलंच नसतं. पुन्हा एकपासून. माझ्या मते सगळी मजा या भानावर येण्यात आहे, आणि बरेच जण नेमके याच जागी 'आपल्याला काही जमत नाही' म्हणून उठतात. न लागलेलं ध्यान ते मोजतात, धरलेलं मोजत नाहीत. तुमच्या बैठकीला म्हणूनच 'ध्यान धरते' हा सगळ्यात नेमका प्रयोग. 'लावते' म्हटलं तरी चालेल, त्यातही प्रयत्न तुमचाच आहे.

इथे गीतेचा एक श्लोक आठवतो. 'ध्यायतो विषयान्पुंसः', म्हणजे विषयांचं ध्यान करणाऱ्याला त्यांची आसक्ती जडते. तिथेही 'ध्यै' हाच धातू आहे. म्हणजे कालचं भांडण घोळवत बसणं हेही भाषेच्या दृष्टीने ध्यानच, आणि ते बिनबोभाट लागतं.

'मेडिटेशन' जास्त काटेकोर आहे, असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ चिंतन करणे, घोकणे. ख्रिस्ती मठांमध्ये या शब्दाचा अर्थ धर्मग्रंथातला उतारा मनात घोळवणं असा होता, म्हणजे आपलं मनन. ध्यान लागण्याच्या जवळचा त्यांचा शब्द 'कॉन्टेम्प्लेशन'. 'माइंडफुलनेस'ही पाली 'सति'साठी पालीचे इंग्रज अभ्यासक रिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये योजलेला इंग्रजी पर्याय, आणि 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. काय करत होतो ते आठवणं! चौदावर गेल्यावर जे घडतं ते हेच. बोलताना मेडिटेशन म्हणा, कोणाचं काही बिघडत नाही. नेमकेपणासाठी म्हणून मात्र म्हणू नका.

राहिली 'ध्यानधारणा'. साधनेत आधी धारणा मग ध्यान, तर शब्दात उलटं कसं? हा द्वंद्व समास आहे. पाणिनीचा नियम आहे 'अल्पाच्तरम्' (2.2.34): द्वंद्वात ज्या पदात स्वर कमी, ते आधी. 'ध्यान'मध्ये स्वर दोन, 'धारणा'त तीन, म्हणून ध्यान पुढे. क्रम उच्चाराच्या सोयीचा आहे, साधनेचा नव्हे. 'धारणाध्यान' म्हणायला लागलात तर अर्थ बिघडणार नाही, पण ऐकणारा नक्की अडखळेल.