प्रशिक्षणं झाली, प्रमाणपत्रं झाली. वर्गात खरोखर उपयोगी पडेल असं काय आणि कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की मुंबईतल्या मराठी शाळेत पाच वर्षं दुसरीला शिकवताय, ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्रांची फाइल भरली, पण वर्गात काही बदललेलं दिसत नाही. मग प्रशिक्षण आणि साहित्य नेमकं कुठून घ्यावं?

ताई, मी परळ भागातल्या एका अनुदानित शाळेत २२ वर्षं प्राथमिकचे वर्ग शिकवले आणि गेली सहा वर्षं तिथेच मुख्याध्यापिका आहे. माझं उत्तर आधी सांगते. तुमच्याच शाळेतली अशी एक सहकारी शोधा, जी महिन्यातून दोनदा तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसेल. तिच्या वर्गात तुम्ही बसा. बाकीचं त्यानंतर.

असं का म्हणते ते सांगते. दुसरीला अंकांचं श्रुतलेखन घेतलं की निम्मी मुलं पंचवीसचे ५२ लिहायची, एकोणपन्नासचे ५९. बारा वर्षं मी लाल पेनाने गोल करून ‘लक्ष दे’ असा शेरा मारत आले. मग एकदा शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्या तासाला येऊन तीन मुलांच्या मागे बसल्या. तास संपल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, “तुम्ही पंचवीस म्हणता तेव्हा मुलं आधी काय लिहितात, पाहिलंय का?” मी पाहिलं नव्हतं. फळ्यापाशी उभं राहून ते दिसतच नाही. मुलं आधी ५ लिहीत होती, कारण कानावर आधी ‘पंच’ पडतो. वीस मागून येतात, म्हणून २ त्याच्या उजवीकडे. एकोणपन्नासमध्ये ऐकू येतो तो पन्नास, म्हणून ५ आणि शेवटी नऊ येतो हे पाठ असल्यामुळे ९. मुलं अगदी लक्ष देऊनच लिहीत होती. वहीत चूक दिसते, चुकीचं कारण मात्र लिहिणाऱ्या हाताकडे पाहिल्यावरच कळतं. घरी हिंदी किंवा तेलुगू बोलणारी मुलं वर्गात असतील, तर त्यांच्यासाठी मराठी संख्यानामं आणखी अवघड असतात.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या बरोबरीने ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलांच्या मनात गणिताची भीती बसते. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हतीच. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं, पण ते माझ्याच वर्गात घडताना दिसलं ते बाई मागे बसल्या म्हणून.

त्यानंतर आम्ही दोघींनी जुन्या लग्नपत्रिका कापून दशक-एककाची कार्डं केली. २० च्या कार्डातल्या शून्यावर ५ चं कार्ड ठेवायचं, की २५ दिसतात. कार्ड उचललं की खाली वीस तसेच. मुलं आधी ‘वीस आणि पाच’ म्हणायची, मग पंचवीस. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उलटे अंक लिहिणारी चारपाचच मुलं उरली. त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यायला मला वेळ मिळाला.

आता प्रशिक्षणांबद्दल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ऑनलाइन आलं तेव्हा प्राथमिकसाठी १८ घटक होते. आपण काय केलं? व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासल्या. मीही तेच केलं. त्यात सगळं टाकाऊ नव्हतं, पण एकामागून एक १८ घटक उरकले तर त्यातला एकही वर्गापर्यंत पोहोचत नाही. एकच घटक घ्या, त्यातली एक कृती निवडा, तीन आठवडे वर्गात करा आणि मागे बसणाऱ्या सहकारीला विचारा, मुलं काय करत होती? वरिष्ठ वेतनश्रेणीचं १२ वर्षांनंतरचं प्रशिक्षण वेळेवर करा, तो पगाराचा प्रश्न आहे. पण वर्ग बदलण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

मुंबईत राहून एक ठिकाण मात्र चुकवू नका: मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञान आणि गणित मुलं कशी शिकतात याच गोष्टीवर काम करतंय. शिक्षकांसाठी कार्यशाळा असतात, त्यांची चौकशी करा. हार्बरने जाता येतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सहल नेणार असाल तर आधी एकट्या जाऊन या आणि मुलांनी कोणत्या तीनच वस्तूंपाशी थांबायचं ते ठरवून ठेवा. नाहीतर सगळी सहल धावपळीत संपते.

वाचनासाठी तुमच्या बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड आहेतच, पण मला त्याहून उपयोगी पडले ते बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. १९७१ पासूनचा हा खजिना ऑनलाइन फुकट वाचता येतो. ‘स्टोरीवीव्हर’ या बालगोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, छापून वर्गात वापरायची मुभा आहे आणि मुलांच्या भाषेत बदलून घ्यायचीही. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथल्या ‘क्वेस्ट’ या संस्थेचं, नीलेश निमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, मराठीतून वाचन-लेखन शिकवण्याचं काम जरूर पाहा. त्याच जिल्ह्यात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते शिंपल्या, बिया, पानं असं आसपास सापडेल ते साहित्य घेऊन. परळला शिंपल्या नाहीत, पण बाटल्यांची झाकणं प्रत्येक टपरीवर मिळतात. दहा झाकणांची एक माळ म्हणजे दशक.

हे तुमच्या मुख्याध्यापकांना दाखवणार असाल तर त्यांच्यासाठी दोन शब्द. मागे बसायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला. शाळा दोन पाळ्यांची, शिक्षक कमी, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. आम्ही वेळापत्रकात आठवड्याला एकच तास असा ठेवला की दोन वर्ग सभागृहात एकत्र गोष्ट ऐकायला बसतात. गोष्ट एक बाई सांगतात आणि दुसऱ्या बाई मोकळ्या होऊन तिसऱ्या वर्गात जातात. या निरीक्षणातला एक शब्दही लॉगबुकात किंवा गोपनीय अहवालात जाणार नाही, हे मी लेखी दिलं. त्याआधी सहसा कुणी कुणाला वर्गात येऊ देत नव्हतं. मी स्वतः निरीक्षणाला गेले की वर्ग अवघडायचा, म्हणून मी जाणं बंद केलं. आता माझ्याच वर्गात शिक्षिका बसायला येतात. मुख्याध्यापिका असले तरी आठवड्याला चार तास मी शिकवते.

तुम्ही सोमवारी एवढंच करून पाहा: २५, ५२, ४९, ३७, ७३, ६९ हे अंक सांगा, मुलांना लिहू द्या, आणि कुणालातरी त्यांच्या हातांकडे पाहायला बसवा. कोणता अंक आधी लिहिला गेला याची खूण करून घ्या. कार्डं करायची झाली तर एककाचं ५ सेंटिमीटर रुंद, दशकाचं १०, शतकाचं १५. उंची सगळ्यांची सारखी. उजवी कड जुळवूनच एकावर एक ठेवायची, डावी जुळवली तर २० वर ठेवलेला ५ दोनला झाकून टाकतो.