सासऱ्यांना खातं विचार

इंग्लंडमधल्या स्लाउहून आलेलं पत्र चार पानी आहे. सगळं छापत नाही, मुद्द्याचं तेवढं घेते. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं तिकडे काढून मुंबईत परतलात, म्हणून तुम्हालाच विचारते. लेक दहा वर्षांचा, इयर फाइव्हला. व्हायकिंग पाठ, हेन्री राजाच्या सहा बायका क्रमाने पाठ. परवा सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर 'अफझलखान कोण रे?' विचारलं, तर म्हणाला, 'क्रिकेटर का?' सासूबाईंनी फोनच ठेवून दिला. आता शाळेने इतिहासात काय शिकवावं म्हणून पालकांच्या सूचना मागवल्यात. महाराजांचा इतिहास घ्या असं लिहू का? का एक वर्ष सरळ मुंबईच्या शाळेत घालू?"

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. आणि सासूबाईंचा राग मला कळतो. माझ्या सासूबाई तर याहून क्षुल्लक कारणांवरून फोन ठेवायच्या.

सूचना जरूर लिही, पण बाईंकडून फार आशा ठेवू नकोस. अश्मयुगापासून 1066 पर्यंतचं ब्रिटन, ग्रीक, इजिप्त नाहीतर सिंधू संस्कृती, मग बगदाद, माया किंवा बेनिन यांतलं एक, हे सगळं त्यांना अकराव्या वर्षाच्या आत उरकायचं असतं, आणि इतिहासाचे तास आठवड्याला असून असून किती? लोकलमधल्या बाकासारखं आहे ते. चौथी सीट मागायची तर आधीच्या तिघांनी सरकायला हवं. तू व्हायकिंगांना सरकवायला निघालीस, शेजारची पंजाबी आई रणजितसिंहांना घेऊन उभी असणार, आणि तिचंही काही चूक नाही.

मुंबईच्या शाळेचं म्हणशील तर आपल्या बोर्डात महाराज चौथीत असतात. तुझा लेक बसेल पाचवीत. गाडी चुकली. पुन्हा भेटतील ते सातवीत. त्यासाठी पोराची शाळा मोडू नकोस. महाराज घरी सांग. तुला मला तरी ते आधी कुठे भेटले? पुस्तक हातात पडायच्या आत किल्ला करून झाला होता, चिखलात हळीव पेरून.

आता माझं दुखणं. तुझ्या पत्रात "आपला इतिहास" हे शब्द पाच वेळा आलेत. मोजले मी. पाचही वेळा तो 1680 च्या अलीकडे सरकत नाही. आणि तिसऱ्या पानावर, कंसात, तू लिहितेस: "(सासरे लालबागला मिलमध्ये होते, संपानंतर वॉचमनची नोकरी केली. पण ते त्याबद्दल काही बोलत नाहीत.)"

कंसात गं? डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा लेकाला रोपवेने रायगड दाखवलात, फार छान केलंत. परतताना लोअर परळला फिनिक्समध्ये पिझ्झा खाल्लात. ती मिल होती, हे त्याला कुणी सांगितलं? आजोबा शेजारीच बसले होते ना?

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या घरांनी भांडी विकली, पोरं गावी धाडली. तुझे अहो बेचाळीस वर्षांचे म्हणतेस, म्हणजे त्यांचा जन्मच त्या हलाखीतला. तुम्ही आज स्लाउला आहात त्याचा धागा रायगडापर्यंत जातो की नाही ते मला सांगता येणार नाही, पण मिलमधल्या त्या बंद पडलेल्या साच्यापर्यंत, म्हणजे मागापर्यंत, नक्की जातो. वॉचमनच्या पगारातून कुणाला तरी इंजिनिअर केलेलं आहे.

मला विचारशील तर शाळेने घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतो तो काळ आधी शिकवावा. बाकीचे राजे मग. इथल्या शाळांनाही मी हेच ऐकवते आणि कुणी ऐकत नाही. माझ्या पुतण्याची मुलगी दादरला सीबीएसईत आहे, हडप्पाच्या विटांचं माप सांगते. हुतात्मा चौकातून जाताना मी विचारलं, हे दोघे मशाल घेऊन का उभेत? म्हणाली, ऑलिंपिक. 1 मे 1960 ला हे राज्य झालं त्याआधी याच चौकात गोळ्या झाडल्या गेल्या, तिच्या पणजोबांनी त्या ऐकल्या. तो सगळा काळ आपल्याकडे दोन परिच्छेदांत आणि चार मार्कांत संपतो.

मी शहाणी होते असं नाही. लेस्टरला असताना माझ्या मुलीला शाळेत दुसरं महायुद्ध लागलं. गॅस मास्क, रेशन, लंडनवरचे बॉम्ब. माझे वडील तेव्हा आमच्याकडे आले होते. तिने सहज विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे पडला होता का बॉम्ब?" तर ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पडला नाही, फुटला."

14 एप्रिल 1944. ते नऊ वर्षांचे, राहायला मांडवीला. दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला. बोटीत दारूगोळा, वर कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटासुद्धा. अर्ध्या तासात दुसरा स्फोट, पहिल्याहून मोठा. आग विझवायला गेलेले 66 बंबवाले गेले. वडिलांना आठवत होतं ते वेगळंच: फळीवरची पितळी भांडी एकदम खाली आली, आणि घरंगळत गेलेल्या एका पेल्यामागे ते जिन्यापर्यंत धावले. वर बघितलं तर पेटता कापूस आभाळातून जात होता. आई हाका मारत होती, पण कानात दडे बसलेले.

आणि मी काय म्हणाले असेन? "बाबा, तिला होमवर्क पूर्ण करू दे, ते परीक्षेला नाही." ते गप्प झाले. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही, तीन वर्षांनी ते गेले. पेला सापडला का, हे मला आजही माहीत नाही.

म्हणून तुझ्यावर आवाज चढला, राग मानू नकोस.

शाळेला एवढंच लिही: त्यांच्याच अभ्यासक्रमात स्थानिक इतिहासाचा एक भाग असतो, त्यात मुलांना आजी-आजोबांची मुलाखत घेऊ द्या, मग ते आजोबा स्लाउचे असोत की लालबागचे. महायुद्ध शिकवणार असाल तर त्यात लढलेले 25 लाख हिंदी सैनिकही घ्या. बाईंना नाव हवं असेल तर माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे दे. जुलै 1944 मध्ये इटलीत लढताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोदीच्या स्फोटानंतर तीनच महिन्यांनी. महाराजांच्या रायगडाच्या मुलखातलाच माणूस आहे, सासूबाईही खूश होतील.

आणि रविवारच्या कॉलवर लेकाच्या हातात फोन दे, तू उठून स्वयंपाकघरात जा. "आजोबा, संपाचं सांगा" असं विचारायला लावू नकोस, अशाने माणूस बोलत नाही. विचारू दे: मिलमध्ये खातं, म्हणजे विभाग, कुठलं? साचे (विणकाम) की त्रासन (सूतकताई)? पाळी कितीची? भोंगा झाल्यावर गेटपर्यंत पोचायला किती मिनिटं लागायची? मिलवाल्याला खातं विचारलंस की तो आपोआप सुरू होतो. रेकॉर्डिंगचं बटण आधी दाबून ठेव.

उरलेलं थोडक्यात. अहो म्हणतात इतिहासाने पोट भरत नाही. त्यांनाही त्या कॉलला बसव. देवनागरीचं सुट्टीत बघू. डब्यातली पोळी तो परत आणतो, तर गुंडाळी करून दे, तूप-साखर लावून. माझी तशीच संपवायची.