तुमच्या पत्रात मुलगी कुठे आहे?

प्रश्न : मुलगी लातूरच्या वसतिगृहात राहून दोनदा नीटला (एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला) बसली. पहिल्यांदा 298, यंदा 311 गुण. दोन्ही वेळा क्वालिफाय झाली, पण सीट हुकली. आता लातूरला पुन्हा रिपीटर बॅचला, म्हणजे परत परीक्षा देणाऱ्यांच्या क्लासला, घालायचं ठरवलंय. नाहीच जमलं तर दोन एकर विकून खासगी कॉलेजात घेऊ. घराण्यात एकही डॉक्टर नाही. मुलगी हल्ली बोलत नाही, जेवायचं ताटही खोलीतच नेते, पण शहाणी आहे, ऐकते. कोणता क्लास लावू?
– एक पालक, अहमदपूर तालुका

उत्तर : दादा, क्लासचं नाव मी सांगणार नाही. तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात जमीन आहे, घराणं आहे, गुण आहेत. मुलीला काय वाटतं, ते एका ओळीतही नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी घरच्यांबरोबर जेवायचं सोडते, बोलायचं सोडते, याला तुम्ही शहाणपण म्हणता. मला त्याची काळजी वाटते. दोन वर्षं वसतिगृहाच्या खोलीत काढून ती परतली आहे. त्यात तुम्ही दोन एकरांचं बोललात. ते तिने ऐकलं असणारच. बाप आपल्यासाठी रान विकायला निघालाय, हे माहीत असताना कुठली मुलगी ‘मला नको’ म्हणेल? आज-उद्या तिला डॉक्टरकडे न्या. झोप, भूक, मनात काय चाललंय, सगळं मोकळेपणी सांगू द्या, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आता ‘क्वालिफाय’चं. या एका शब्दाने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची वर्षं खाल्ली आहेत. 2025 मध्ये खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा 720 पैकी 144 होती आणि देशभरात 12 लाखांहून अधिक मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र साधारण सव्वा लाख, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. म्हणजे पात्र होणं हे प्रवेशाच्या रांगेत उभं राहण्याची परवानगी आहे, सीट नव्हे. खुल्या गटात 311 वर सरकारी सीट ‘हुकली’ नाही, ती बरीच लांब होती. अख्ख्या वर्षात तेरा गुण वाढले. नेमकं काय बदलणार, हे ठरवल्याशिवाय तिसरं वर्ष घालू नका.

जमीन तर मुळीच विकू नका. एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग एक वर्ष इंटर्नशिप, मग पीजीसाठी (पदव्युत्तर शिक्षणासाठी) पुन्हा परीक्षा. एवढा लांबचा रस्ता बापाने रान विकल्याचं ओझं घेऊन चालता येत नाही.

बीपीटीएच (फिजिओथेरपी), नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी हे रस्ते आहेतच. पहिल्या तिघांच्या प्रवेशाच्या तारखा राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) संकेतस्थळावर पाहा, बीएस्सीच्या कॉलेजात विचारा. पण त्यातला एखादा तुम्ही निवडून तिच्या हातात दिलात, तर फक्त कोर्सचं नाव बदलेल.

तिच्या आईला किंवा मावशीला तिच्याशी बोलू द्या. तुम्ही एवढंच सांगा, की रान विकायचं नाही आणि तू नीट सोडलीस तरी मी रागावणार नाही. हे तुमच्या तोंडून तिला ऐकायला हवं. मग तिला आठ-पंधरा दिवस द्या. पुढच्या नीटचे अर्ज निघायला वेळ आहे. रिपीटर बॅचची फी तोवर भरू नका.